गळ्यातली थैली

कुत्रं बसलं ते बसलंच.

फिटरने पट्टा ओढला, शिवी हासडली, पुन्हा ओढला. ठोकळ्या मात्र बाकापाशी बूड टेकून ढिम्म.

"ऊठ, आळशा! दहा मिनिटं चाललो नाही तोच दमलास?"

पांढऱ्या ठोकळ्याने जांभई दिली. गळपट्ट्याला शिवलेली चामडी थैली हलली. आत लसीची चिठ्ठीबिठ्ठी असेल, फिटरने कधी उघडून पाहिली नव्हती. तो नाइलाजाने बाकावर टेकला. छातीतली धाप हळूहळू खाली बसली.

रोजचंच होतं हे. टाकीपाशी एकदा, शाळेच्या भिंतीपाशी एकदा, परतताना दवाखान्यासमोर एकदा.

चाळीस वर्षं कारखान्यात लोखंड घासलेला माणूस. पण छाती फाडून शिवल्यावर घरी आला आणि खुर्चीत जाऊन पडला तो उठेचना. डॉक्टर म्हणाले, "चाला. नाहीतर पुढच्या खेपेला शिवायला काही उरणार नाही."

मुलगा जहाजावर. घरात हा आणि सून. ती लोकांना मोटार चालवायला शिकवायची. तिने चालण्याचं वेळापत्रक टपोऱ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवलं. याने ते टराटरा फाडलं.

"मी काय तुझा शिकाऊ आहे?"

"शिकाऊ ऐकतात तरी, बाबा."

त्यानंतर तिने चालण्याचं नावच काढलं नाही. उलट पहाटे पाचलाच शिकवण्या आहेत म्हणून पळायला लागली. दोन महिने सासऱ्याने स्वतःचा चहा स्वतः केला आणि हा पराक्रम सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितला.

मग एके दिवशी खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई दारात उभी. पायाला बँडेज, हातात पट्टा.

"काका, पाय मुरगळलाय. दोन दिवस एवढं कुत्रं फिरवाल?"

सुनेला नाही म्हणता येतं. शेजारणीला कसं म्हणायचं? दोन दिवसांचे अकरा महिने झाले. बँडेज काही सुटलं नाही. एकदा तर ते उजव्या पायावर दिसलं.

"परवा डावा होता ना?"

"दुखणं जागा बदलतं, काका."

बयेला फुकटचा नोकर मिळाला, हे त्याला कळत होतं. कळूनही तो जात राहिला. आता जिना एका दमात चढायचा.

आज तपासणी होती. डॉक्टरांनी दोनदा छाती ऐकली. "कुणाची कृपा?"

"कुत्र्याची," फिटर म्हणाला, आणि लाजला.

घरी येऊन त्याने तेच सुनेला ऐकवलं. "तू नुसता कागद चिकटवलास. जीव वाचवला परक्या बाईने."

ती काळ्या पँटवरचे पांढरे केस झटकत होती. "वाचला ना? झालं तर मग. फक्त कुत्र्याचे केस घरात आणू नका."

"उद्यापासून तोही त्रास संपेल. ताईकडे चाललोय. कायमचा."

सुनेचा हात थांबला.

"गोळ्यांचा डबा आठवणीने घ्या," एवढंच म्हणून ती आत गेली. माणूस आहे की दगड!

तो तणतणत खाली उतरला. शिंपीणबाई दोन्ही पायांनी शिलाई मशीन दामटत होती. बँडेज खुंटीला लटकत होतं. त्याला पाहून ती दचकली.

"असू द्या, बाई. मला कधीच कळलंय. राग नाही. तुम्ही फसवलंत म्हणून मी जगलो." उभ्या जन्मात कुणापुढे न वाकलेल्या माणसाने हात जोडले. "उद्या मी गाव सोडतोय. एकच मागतो. ठोकळ्या मला द्या."

मशीन थांबलं.

"द्यायला तो माझा हवा ना, काका."

"मग कुणाचा?"

शिंपीणबाईने ठोकळ्याला जवळ ओढलं आणि थैलीचं बटण उघडलं. "शपथ घातली होती मला. पण तुम्ही निघालातच, तर गेली ती शपथ खड्ड्यात. घ्या. अकरा महिने तुमच्याच हातात होतं."

आत घडी घातलेला कागद होता. फिटरने चष्मा चढवला. अक्षर टपोरं होतं.

'हे कुत्रं एकटं दिसलं तर समजा, माझे सासरे जवळच कुठेतरी पडलेत. हृदयाचं ऑपरेशन झालंय. दर दहा मिनिटांनी बसायला मी त्याला शिकवलंय, पण ते ऐकत नसतील. आधी त्यांना शोधा, मग खालच्या नंबरावर मला फोन करा. कुत्रं नंतर मिळालं तरी चालेल.'