ओठांवरचं नाव

सून कादंबरी वाचत होती आणि सोनाक्का शेंगा फोडत ऐकत होत्या. एक प्रकरण लढाईच्या काळातलं, एक आजचं.

"आजचं गाळ. आजचं मी रोज बघते."

"आत्याबाई, यातला शिपाई मामंजींच्याच नावाचा आहे."

"मग 'ते' म्हणून वाच. जीभ सैल सोडू नकोस." एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झालेल्या नवऱ्याचं नाव सोनाक्कांनी कधी ओठांवर आणलं नव्हतं.

"शेवटचं आजचंच आहे. गाळू?"

"वाच."

म्हातारे झालेले 'ते' एसटीतून उतरले. त्यांना बायको ओळखू आली नाही, अन् ते परत गाडीकडे वळले. ती नुसतीच बघत राहिली.

"अगं भवाने, हाक मार की!" सोनाक्का पुस्तकातल्या बाईवर कडाडल्या.

मग दाराकडे वळून त्यांनीच हाक मारली, "सर्जेराव!"