हेक्टर गेडिसचं मत

कर्स्टी वॉर्डात पोचली तेव्हा तिच्या वडिलांना निकाल कळलेला होता. शेजारच्या खाटेवरच्या पेट्रीने सकाळी सहालाच रेडिओ मोठा करून तो सगळ्या वॉर्डाला ऐकवला होता. मतदानात स्कॉटलंडने ब्रिटनपासून स्वतंत्र व्हायला नकार दिला होता.

"ये पोरी," हेक्टर गेडिस म्हणाले. "हरलो आपण."

एक्याऐंशी वर्षांचा माणूस. उभा जन्म लोकांच्या घरांवर दगडी कौलं बसवण्यात गेला, कधी घसरला नाही. आणि सोमवारी स्वतःच्या घरात खुर्चीवरून पडून खुब्याचं हाड मोडून घेतलं. काल सकाळी शस्त्रक्रिया झाली, मतदानाच्याच दिवशी.

कर्स्टीने धुतलेले पायजमे कपाटात ठेवायला घेतले. घड्या मोडल्या नव्हत्या, तरी तिने त्या पुन्हा घातल्या.

"खुर्चीवर कशाला चढला होता ते विचार त्याला," पेट्री म्हणाला. "खिडकीत 'होय'चा कागद चिकटवत होता म्हणे. देवाने तेव्हाच सांगितलं होतं, हेक्टर, नाही!"

"तुझ्या देवाचं नाव मतदार यादीत कोणी घातलं?"

"आमचा देव यादीत नसला तरी जिंकतो बघ."

हेक्टर हसले. हसताना दुखलं तसा त्यांनी खाटेचा कठडा धरला. मग हसू ओसरलं.

"हरण्याचं मला फार नाही रे, पेट्री. निदान या वेळी माझं मत माझ्या मनासारखं पडलं. एकोणीसशे एकोणऐंशी आठवतं? इथलं विधानमंडळ इथे हवं का म्हणून विचारलं होतं. 'होय' जास्त निघाले. पण अट काय, तर यादीतल्या एकूण नावांच्या चाळीस टक्के हवेत. म्हणजे जो आला नाही, तो 'नाही'त. माझी आई जानेवारीत गेली. 'होय' म्हणत म्हणत गेली. मार्चमध्ये मतदान झालं, यादीत तिचं नाव तसंच. मेल्यावर तिला 'नाही'त बसवली त्यांनी."

पेट्रीने रेडिओ बंद केला.

"म्हणून बुधवारी डॉक्टरांची सही घेतली, अर्ज भरला. म्हटलं, ऑपरेशनच्या टेबलावर मेलो तरी चालेल, पण माझं मत माझी पोरगी जाऊन देईल." ते कर्स्टीकडे वळले. "सांग ना, कसं दिलंस? सगळं सांग. मला तिथे असल्यासारखं वाटू दे."

कर्स्टी कपाटाचं दार लावून खुर्चीवर बसली.

"शाळेत होतं, बाबा. रांग रस्त्यापर्यंत आली होती. शेजारच्या हॅरोअरबाई व्हीलचेअरवर आल्या होत्या. तुमची चौकशी करत होत्या."

"आणि मग?"

"मग तिथल्या अधिकाऱ्यांनी मला दोन कागद दिले. एक माझा, एक तुमचा."

इथवर सगळं खरं होतं. आडोशामागे दोरीला बांधलेली पेन्सिल होती. स्वतःच्या कागदावर कर्स्टीने आधी 'नाही'समोर फुली मारली. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. ती विम्याच्या कंपनीत होती, आणि देश वेगळा झाला तर इथलं डंडीचं ऑफिस दक्षिणेला इंग्लंडमध्ये हलवू, असं साहेबाने सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. नवऱ्याची नोकरी वसंतातच गेली होती. वडिलांना हे सगळं ठाऊक होतं. दुसऱ्या कागदावर पेन्सिल 'होय'वर नेऊन ती थांबली. एका मताने निकाल फिरला तर? मागे कोणीतरी खाकरलं. तिने पेन्सिल खाली आणली आणि वडिलांच्या कागदावरही 'नाही'समोर फुली मारली.

'नाही'वाले पावणेचार लाखांहून जास्त मतांनी जिंकले होते. वडिलांची फुली त्यांच्या मनासारखी 'होय'समोर पडली असती तरी कोणाचं काही बिघडलं नसतं.

"आधी तुमचं दिलं," ती म्हणाली. "होयसमोर. मोठी फुली मारली. चौकोनाच्या बाहेर जाईल म्हणून भीती वाटली."

हेक्टरनी डोळे मिटले. ओठ जरासे हलले, जणू ते ती फुली मोजूनमापून बघत होते.

"ऐकलंस ना, पेट्री?" ते डोळे न उघडताच म्हणाले. "हिला स्वतःला नको होतं बरं का. तुझ्याच बाजूची आहे ही. जेवणाच्या टेबलावर माझ्याशी भांडून दोन रविवार आली नाही. मला सगळे म्हणाले, हिच्या हातात मत देऊ नकोस, हिच्या धाकट्या भावाला दे. मी म्हटलं, माझी मुलगी मला ओळखते आणि मी तिला."

त्यांनी हात पुढे केला. कर्स्टीने तो धरला. सलाईनची सुई टोचेल म्हणून हळूच धरला, आणि मान खाली घातली.

पेट्री सकाळपासून प्रत्येक वाक्याला टोमणा मारत होता. आताही त्याचं तोंड उघडलं होतं. पण त्याची नजर कर्स्टीच्या चेहऱ्यावर पडली आणि तिथेच राहिली. कर्स्टीने वर पाहिलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"का रे, आता दातखीळ बसली?" हेक्टर म्हणाले.

"नाही. काय बोलणार?" पेट्री म्हणाला. "नशीबवान आहेस, हेक्टर."

आणि त्याने हात लांब करून दोन खाटांमधला पडदा ओढून घेतला.