प्रिंटर जोडायचा अधिकार

टँकरची मागणी आज तालुक्याला पोचली नाही, तर गाव आणखी आठवडाभर तहानलेलं राहणार होतं. पंचायतीत नवा प्रिंटर आला होता. पण कॉम्प्युटर लिनक्सवाला, प्रिंटर जोडायलाच अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागत होता.

"मग घाल की," सरपंच शरणम्मा ऑपरेटर विरेशला म्हणाल्या.

"अ‍ॅडमिन अण्णा हायत, वहिनी. ते कळंबला लग्नात. फोन लागंना."

अण्णा म्हणजे शरणम्मांचे यजमान.

"आन् माझं खातं?"

"हाय की. पण त्याला अधिकार न्हाईत. तुमाला नुसतं बघता येतंय." विरेश हे अगदी आदरानं म्हणाला.

शरणम्मांनी कोरा कागद ओढला, मागणी हातानं लिहून काढली आणि खाली ठसठशीत सही केली. निवडून आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना आपण सरपंच असल्यासारखं वाटलं.

विरेश मोटारसायकलवर तालुक्याला गेला आणि दिवेलागणीला तोच कागद घेऊन परतला.

"काय झालं रे?"

"घेतला न्हाय, वहिनी," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "सरपंचाची सही ही न्हाय म्हणत्यात. त्यांच्याकडं आतापातूर आलेल्या सगळ्या सह्या येगळ्याच हायत."