ताईच्या खोलीसाठी लेन्स

ताईचं पत्र येऊन पाच महिने झाले होते आणि त्यांनी, म्हणजे तिच्या भावाने, अजून उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र चार ओळींचं होतं. ‘त्या दिवशीचे फोटो पाठव. आपण पाचही भावंडं एका खोलीत पुन्हा कधी बसू, कोण जाणे. घाई नाही. पण घाई नाही असं म्हणणारीचं वय काय, तेवढं लक्षात घे.’

पाठवायला फोटो नव्हतेच. अख्खा रोल कोरा निघाला होता. तो का कोरा निघाला हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासून, दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरलेल्या माणसाला ते कागदावर उतरवता येत नव्हतं. ताईला ऐकू येत नसे, त्यामुळे फोनवर दोन शब्द पुटपुटून मोकळं होण्याचीही सोय नव्हती. मग उत्तराऐवजी त्यांनी लेन्सचा अभ्यास केला. पुस्तकं आणली, वहीत तक्ते आखले. चांगली लेन्स घ्यायची, पुन्हा जाऊन फोटो काढायचे. पहिल्या फोटोंचं कुणी विचारलंच नाही तर देव पावला.

आज दुपारी ती वही काखेत मारून ते जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात उभे होते. दुकान एक बाई चालवत; काम सासऱ्यांच्या हाताखाली शिकलेल्या. वहीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

“तक्ते राहू द्या, काका. खोली कशी आहे ते सांगा.”

त्यांनी सांगितलं. दहा बाय दहाची खोली, खिडकी एकच आणि तीही जिन्याकडे उघडणारी. ताईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून फ्लॅश नको. सगळे दिसावेत म्हणून मागे सरकायला जावं, तर पाठीला कपाट लागतं.

बाईंनी कापडावर दोन लेन्स ठेवल्या. दोन्हींत खोली मावणार होती. मोठी होती ती तोंड जास्त उघडायची, अंधुक उजेडातही झटकन फोटो घ्यायची. छोटी निम्माच उजेड घ्यायची, म्हणजे समोरच्यांनी क्षणभर पुतळ्यासारखं बसायला हवं. मोठीत खोट एवढीच, की कॅमेऱ्याच्या ज्या खिडकीतून बघायचं, तिच्यात ती डोकावायची आणि उजवीकडचा खालचा कोपरा झाकून टाकायची.

“त्या कोपऱ्यात कोण बसतं?” बाईंनी विचारलं.

भाऊजी बसतात, ते म्हणाले, आणि बसल्या बसल्या झोपतात.

“मग झालं तर. तुम्हाला दिसणार नाहीत, पण फोटोत येतील. हा कॅमेरा असाच. बघायचं एका खिडकीतून आणि फोटो उतरणार दुसरीतून.”

हे त्यांनी सात पुस्तकांत वाचलं होतं. मान डोलावून त्यांनी मोठी लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर चढवली, भिंतीला पाठ लावली आणि खिडकीला डोळा लावला. आत दिसणाऱ्या बाईंच्या चष्म्याच्या दोन प्रतिमा हळूहळू सरकवत एकीवर एक आणून फोकस जुळवला. बटण दाबलं. बारीकसा, समाधानी आवाज झाला.

“हीच,” ते म्हणाले. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा कशाबद्दल तरी निर्णय झाला होता.

“छान,” बाई म्हणाल्या. “आता एक फोटो झाकण काढून काढा.”

त्यांचे कान तापले. कॅमेरा कापडावर ठेवून ते समोरच्या स्टुलावर बसले, आणि कुणी न विचारता सगळं बोलून गेले. त्या दिवशीही हेच झालं होतं. कॅमेऱ्याच्या खिडकीतून सगळी लख्ख दिसत होती. ताईला जरा डावीकडे हो, धाकट्याला मान वर कर, असं सांगत छत्तीस वेळा बटण दाबलं, आणि छत्तीसही वेळा लेन्सवर झाकण होतं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी झाकण काढून आपल्या खणात टाकलं, ते आता मिळणार नाही म्हणाल्या, आणि त्याच्या जागी एक साधी पारदर्शक काच बसवली.

“सासऱ्यांनी माझ्या अख्ख्या लग्नाचे फोटो असेच झाकण ठेवून काढलेत,” त्या काच पुसत म्हणाल्या. “दोन वर्षं आज दाखवतो, उद्या दाखवतो करत राहिले. शेवटी एकदा रडकुंडीला येऊन सांगितलं. मला तर हायसंच वाटलं, काका. फोटो दाखवत नाहीत म्हणजे सून पसंत नाही, असं मी मनात धरून चालले होते.”

ते वहीकडे बघत राहिले. त्या दिवशी निघताना ताई म्हणाली होती, तू आता फार वाकलास रे. बोलून गेल्यावर तिनेच जीभ चावली होती. म्हणजे गेले पाच महिने ती काय धरून चालली असेल?

त्यांनी लेन्स घेतली. दुकानातून निघाले ते थेट पोस्टात गेले आणि पाकीट न घेता कार्ड घेतलं. एरवी मजकूर उघडा राहतो म्हणून ते कार्ड कधी वापरत नसत. खिडकीशेजारच्या फळीवर उभ्या उभ्याच लिहिलं:

‘ताई, एकही फोटो आला नाही. लेन्सवरचं झाकण काढायचं मी विसरलो. तुझ्या बोलण्याचा राग नाही, वाकलोच आहे. येत्या रविवारी येतो, सगळ्यांना बोलावून ठेव. नवी लेन्स घेतली आहे. तुला गप्प बसावं लागणार नाही.’

‘झाकण’मधला झ जरा फिसकटला होता. त्यांनी तो तसाच राहू दिला.

कार्ड पेटीत पडलं. ते नीट आत गेलं की नाही, हे फटीतून वाकून न बघताच ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले.