मधली जागा

गावाबाहेरच्या लिंबाखाली भागवत मान खाली घालून बसला होता आणि न्हावी त्याचं डोकं भादरत होता. योगीराज रस्त्यातच थबकला. भागवत त्याचा धाकटा चुलतभाऊ. म्हणजे भावकीतच कोणीतरी गेलं होतं आणि आज दहावा होता.

गेले दहा दिवस घरचं कोणी त्याचा फोन उचलत नव्हतं. पेपर तपासायच्या कामात तो परगावी अडकला होता. सोयाबीन काढायची गडबड असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. सकाळी चुडावा स्टेशनवर गाडीतून उतरून गावाकडं चालत निघाला, तेव्हाही मनात दुसरं काही नव्हतं.

"भागवत, कोण गेलं रे?"

भागवतनं वर पाहिलं नाही. न्हाव्याचा वस्तरा थांबला नाही. योगीराजला त्याचं नवल वाटलं नाही. बाहेरून येणाऱ्याला अशी बातमी रस्त्यात सांगत नाहीत, घरी नेऊन, पाणी पाजून सांगतात, हे त्यालाही ठाऊक होतं.

पलीकडं दगडावर त्याचे वडील, सटवाजी, बसले होते. डोक्यावरचे पांढरे केस जागच्या जागी होते. वडिलांना बघून त्याच्या जिवात जीव आला. पण ते जमिनीकडं बघत होते, आणि त्यांना हाक मारायचं त्याला धाडस झालं नाही.

तेवढ्यात हरिओम पुढं आला. हाही चुलतभाऊच, योगीराजहून थोडा मोठा. त्यानं टोपी काढली.

"माझे बी काढा."

"तुमी मयतापेक्षा थोरले ना?" न्हावी म्हणाला. "मग न्हाई लागत. मी धाकट्यांचेच काढायलोय."

"थोरलाच हाय. पर जीव र्‍हाईना माझा."

"र्‍हाऊ दे, दादा," भागवत खालूनच म्हणाला. "मी हाय ना धाकटा."

योगीराज अकरावीला गणित शिकवायचा. 'संबंध' हा धडा आला की त्याचं उदाहरण ठरलेलं असायचं, वयानं धाकटं असणं. अ हा ब पेक्षा धाकटा, ब हा क पेक्षा धाकटा, तर अ हा क पेक्षा धाकटा असणारच, वेगळं विचारायला नको. उलटं मात्र चालत नाही. आणि कोणीच स्वतःपेक्षा धाकटं नसतं, असं म्हणून तो दर वर्षी हसायचा. पोरंही मास्तरचं मन राखायला हसायची.

आता ते उदाहरण त्याच्यासमोर लिंबाखाली बसलं होतं. अशा वेळी गणित सुचावं याची त्याला लाज वाटली, पण डोकं थांबेना. भागवतनं केस दिले, म्हणजे गेलेलं माणूस भागवतहून मोठं. हरिओमनं द्यायचे नाहीत, म्हणजे ते हरिओमहून लहान. आई गेली असती तर हरिओमचं डोकं आधी भादरलं असतं. चुलते, चुलत्या, थोरले भाऊ सगळे सुटले. भागवतच्या खालची पोरंही सुटली. भावकीची सदतीस माणसं त्याला तोंडपाठ होती. त्यातली छत्तीस त्यानं लिंबाखाली उभ्या उभ्या खोडून टाकली.

हरिओम आणि भागवत यांच्या मधली जागा तेवढी उरली. ती योगीराजच्या घराची होती. सून घरात आली की तिला नवऱ्याची जागा मिळते. दीर वयानं मोठा असला तरी तिचा धाकटाच.

मंजुषा.

सगळं जुळत होतं. म्हणूनच कोणी फोन उचलला नाही. म्हणूनच वडील त्याच्याकडं बघत नव्हते. बायकोला अग्नी द्यायला नवरा नव्हता, अग्नी भागवतनं दिला असणार. आणि आपण तिकडं लाल पेनानं बरोबर-चूक करत बसलो होतो!

तो गावात शिरला तो पळतच. पारावर व्यंकटरावकाका होते, आडावर बायका होत्या. कोणी थांबवलं नाही, कोणी हाक मारली नाही. या गावात धावणाऱ्या माणसाला दहा जण विचारतात, काय झालं म्हणून. आज त्याच्या मागं एक कुत्रं तेवढं भुंकत आलं आणि वळणावर शेपूट घालून परत गेलं.

घराचं दार उघडं होतं, आणि दारात मंजुषा उभी होती.

जिवंत. धडधडीत जिवंत. पदराला हात पुसत.

त्याला रडू आलं आणि हसूही आलं. गणित चुकलं होतं. चुकलेल्या गणिताचा एवढा आनंद त्याला जन्मात झाला नव्हता. आता हिच्यावर कधी म्हणून चिडायचं नाही, असंही त्यानं त्या घाईत ठरवून टाकलं.

"मंजू!"

ती रस्त्याकडं बघत होती. तिचं कपाळ मोकळं होतं. गळा मोकळा होता. हातात एकही बांगडी नव्हती.

योगीराज अंगणात उभा राहिला. गणित चुकलं नव्हतं. मधल्या जागेवर माणसं दोन होती, आणि त्यानं एकच मोजलं होतं.

"मंजुषा, दार लाव गं," आतून त्याची आई म्हणाली. "कुत्रे आत यायलेत."

"र्‍हाऊ द्या, आत्या," मंजुषा म्हणाली. "आज दहावा हाय. यायचं असंल तर येतील."

आणि ती उंबऱ्यावरून जराशी बाजूला सरकली, एक माणूस आत जाईल एवढी.