छपरावरचा मेंबर

मधूपंत शिडीच्या मधल्या पायरीवर अडकले आणि खाली जमलेल्या पोशीरकरांनी श्वास रोखून धरला.

"पंत, तुमी खालीच ऱ्हावा," सहदेव पाटील म्हणाला. "आमी हाय ना."

"नाही पाटील. हात लावायचा म्हणजे लावायचा."

पंतांनी काचा घट्ट खोचला, वर चढले, पेंढ्याची एक पेंढी ओढून घेतली आणि वाशाला बांधली. गाठ लगेच सुटली. खालून कुणी हसलं नाही. तालुका बोर्डाचा मेंबर घामाघूम होऊन गावातली घरं शाकारतोय, हे पाहायची कुणाला सवय नव्हती.

वैशाखातल्या वादळानं पोशीरचं एकही छप्पर जागेवर ठेवलं नव्हतं. गोमाचं छप्पर तर नदीकाठी सापडलं, आणि त्यावर त्याची कोंबडी अंड्यांसकट बसलेली होती. मृग तोंडावर आला होता. उजाडलं की माणसं आधी आभाळाकडे बघत. पावसाआधी घरं शाकारली नाहीत तर पोरं, गुरं आणि पेरणीचं भात सगळंच भिजणार होतं.

सहदेवच्या जिवाला आणखी एक घोर होता. तालुक्याला नवं बोर्ड निघालं तेव्हा मधूपंतांना निवडून द्या म्हणून ओरडणारा तोच. निवडून आल्यापासून मेंबरांनी गावाला तोंड दाखवलं नव्हतं. गाव सहदेवला येता-जाता ऐकवायचं. त्याची बायको जयवंता तर ते रोज भाकरीबरोबर वाढायची.

आणि वादळ सरलं न सरलं तोच पंत नेरळ स्टेशनावरून चिखल तुडवत हजर झाले. "प्रत्येक घराला माझा हात लागला पाहिजे. एकही घर राहता कामा नये," म्हणाले. सहदेवची मान ताठ झाली ती त्या दिवशी.

पोशीरमध्ये छपराच्या कामाला मजुरी नसे, सावड असे. आज मी तुझ्या छपरावर, उद्या तू माझ्या. बदल्यात कुणी मूठभर भात जरी घेतला तरी त्याची सावड तिथंच फिटली. हे सगळं सहदेवनंच पंतांना सांगितलं. पंतांनी मन लावून ऐकलं, काही गोष्टी पुन्हा विचारल्या. त्यांना गावच्या रीतीभातींची एवढी आवड असेल असं सहदेवला वाटलं नव्हतं.

कामाचं म्हणाल तर पंत दोन वाशांना पेंढा बांधीत आणि तिसरा निखळवीत. दुपारी ते झाडाखाली लवंडले की नामा गुपचूप वर जाऊन त्यांच्या गाठी सोडून पुन्हा बांधी. नामाच्या घरावर तर ते कमरेपर्यंत आत गेले. खाली चुलीपाशी नामाची म्हातारी आई इंदूबाई बसली होती. डोक्यावर ब्राह्मणाचे पाय लोंबकळताना पाहून तिनं आधी नमस्कार केला, मग हाक मारली.

जेवायला पंत आपल्या दशम्या घेऊन येत. जयवंतानं टोपलीभर पाडाचे आंबे पुढे केले, तर ते दोन पावलं मागे सरले.

"मतं तर कवाच झाली," ती रात्री सहदेवला म्हणाली. "मग ह्यो कशापायी मरमर मरतोय?"

"मनाचा मोठा हाय गं."

"मग आंबा का घेत नाय? आंब्याला कसला इटाळ?"

सहदेव कूस बदलून झोपला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सहज विचारलं, "कर्जतात वादळ कसं झालं, पंत?"

"झालं की. वारा सगळीकडे सारखाच."

"घरची मंडळी बरी हायेत ना?"

"मंडळी छान आहेत. तिकडे मजूर मात्र औषधालाही मिळत नाही. जो तो आपापल्या घरात गुंतलाय," पंत म्हणाले आणि छपरांवर चढलेल्या पोशीरच्या माणसांकडे मोठ्या मायेनं बघत राहिले.

शेवटचं घर शाकारून झालं तेव्हा आभाळ नुसतंच काळवंडलं होतं, थेंब नव्हता. सहदेवला भरून आलं. गावदेवीच्या पारावर उभा राहून तो म्हणाला, "पंतांनी घराघराला सावड घातली. पोशीर कुनाची सावड ठेवून घेत नाय. पंतांनी कवाबी हाक मारावी, घरटी एक माणूस हाजिर हुईल."

गाव मनापासून हसलं. कर्जतला दुमजली कौलारू घर असलेल्या माणसाला शाकारायला कोण कशाला लागतंय?

पंतांनी उपरण्यानं डोळे टिपले. "देवीसमोर बोललात, पाटील."

"बोललो."

पंतांना वाजतगाजत घरी पोचवायचं ठरलं. कर्जतच्या लोकांनीही बघावं पोशीरनं कुणाला निवडून दिलंय ते, असं सहदेवला फार वाटत होतं. पंतांनी आढेवेढे घेतले नाहीत. "घरटी एक तरी चला," एवढंच म्हणाले.

सकाळी ढोल वाजवत मंडळी कर्जतच्या आळीत शिरली. पुढे हार घेतलेला सहदेव, शेजारी पंत, मागे सगळं गाव आणि घोळक्यात जयवंता. वळणावर ढोल आपोआप थांबला.

पंतांच्या घराच्या भिंती उभ्या होत्या. माडीच्या खिडक्यांतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. वर कौल नव्हतं, वासा नव्हता. नवी कौलं मात्र रस्त्याच्या कडेनं कोपऱ्यापर्यंत रचलेली होती, आणि भिंतीला शिड्याच शिड्या टेकवून ठेवल्या होत्या.

दारात पंतांच्या पत्नी द्वारकाबाई पदर खोचून उभ्या होत्या. त्यांनी घोळक्यावरून नजर फिरवली, मनातल्या मनात काही हिशेब केला आणि नवऱ्याकडे वळल्या.

"एवढीच माणसं? कुणाच्या घरी आंबा तर नाही ना खाल्लात?"