सशाचा आवाज

खिडक्यांवर घोंगड्या टाकून समाजमंदिरात भर दुपारी अंधार केला होता. पडद्यावर आता ससा येणार होता. त्याचा आवाज धाकलीचा होता.

एके काळी खोडाळ्याच्या आसपास धाकलीच्या गाण्यांवाचून एक लग्न लागत नसे. मग चार वर्षांपूर्वी कुणी साहेब आले, झरा खोल करून देतो म्हणाले, आणि ही बाई त्यांच्यासाठी घरोघर शब्द टाकत फिरली. झरा खणला आणि आटला. साहेब गेले ते गेलेच. बायांची पाण्याची वाट दुप्पट झाली. तेव्हापासून तिला लग्नाला बोलावणं नाही, बारशाला नाही. सख्ख्या भाचीच्या लग्नात ती मांडवाबाहेर बसून राहिली. असलं जिणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये!

म्हणून शहरातले चैतन्यसर पहिल्यांदा तिच्याकडे आले तेव्हा तिने दार लोटून घेतलं होतं. सर चिवट, तीनदा आले.

"मला झराबिरा काही खणायचा नाही, मावशी," ते हसून म्हणाले. "नवी औषधं आधी मुक्या जनावरांना टोचून बघतात. ते थांबवायचंय. त्याचं कार्टून केलंय."

"कार्टून कशाला? खरं काय ते दाखवा ना."

"खरं दाखवलं की माणूस तोंड फिरवतो. चित्रातला ससा शेवटपर्यंत बघतो. आणि तो ससा तुमच्या बोलीत बोलला, तर माणूस त्याला विसरत नाही."

तिला पटलं. यात कुणाचं काय जाणार होतं?

आज पाड्यातली सगळी आली होती. दारात सरांसोबत आलेली नर्सबाई प्रत्येकाचं वजन करत होती, बोटातून रक्ताचा थेंब घेत होती. फुकटात तपासणी होतेय म्हटल्यावर कोण नको म्हणेल?

ससा आला. लग्नात भिंतीवर चित्रं काढतात तसा, पांढऱ्या रेघांचा. नागलीच्या शेतात उड्या मारता मारता तो पिंजऱ्यात गेला. कोटातल्या माणसाने त्याच्या डोळ्यांत थेंब टाकले.

"आये, मला दिसत नाय गं," ससा म्हणाला. "मी काय केलं व्हतं?"

अहो, ससा सापडला की त्याच दिवशी चुलीवर चढवणारी ही माणसं! पण रामीने तोंडात पदर कोंबला, आणि ज्याला उभा पाडा टरकतो तो म्हातारा तुका नाक ओढू लागला.

घोंगड्या काढल्या. चार वर्षं धाकलीला बघून वाट बदलणारी रामी सरळ तिच्याजवळ आली.

"रडवलंस गं, धाकले. माघात माझ्या चंद्राचं लगीन हाय. तूच गायचं."

मागे उभी असलेली चंद्रा लाजून हसली. धाकलीला हुंदका आवरेना.

"मग काय मंडळी," सर पुढे आले, "सशाला पुन्हा पिंजऱ्यात घालायचं?"

"नाय! नाय!"

"पण औषधं तर हवीत. ताप आला की पोरं दगावतात."

"ती तर हवीतच," तुका म्हणाला. "धाकले, तू सांग. तुला यातलं कळतं."

'तू सांग!' हे ऐकायला तिचे कान आसुसले होते. ती उठली, पदर सारखा केला आणि मांडवात गायची तशा खड्या आवाजात म्हणाली, "मुक्या जीवाचा तळतळाट नको. सर सांगतील तसं करू. माझा शब्द हाय."

एकूण एक हात वर झाले. चार वर्षांचं ओझं उतरलं. सरांनी मायेने तिच्या खांद्यावर थोपटलं आणि पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला.

"शाब्बास! तर सशांच्या जागी आपली तरणी, धडधाकट माणसं लागतील. आठ दिवस ठाण्याला राहायचं, खाणंपिणं तिकडेच. सोमवारी गाडी येईल. कोणाचं नाव लिहू?"

मग रामीने लेकीचा हात धरून तिला पुढे केलं.

"आमच्या चंद्राचं लिहा, सर. धाकलीनं शब्द दिलाय."